कुणी लॉगिन केलं नसताना

सोमवारी सकाळी पावणेआठला दूधवाल्या सिस्टरांनी मोठ्या फ्रीझरचं झाकण उचललं, तेव्हा हाताला गार लागायच्या ऐवजी दमट लागलं. काय झालंय ते तेवढ्यावरच कळलं. तरी मन मानेना म्हणून त्यांनी एक बाटली कानाशी नेऊन हलवली. आत डुबुक झालं. गोठलेलं दूध असा आवाज करत नाही.

इस्पितळात सिस्टर पुष्कळ होत्या, म्हणून प्रत्येकीला काही ना काही टोपणनाव पडलेलं. यांच्याकडे दुसऱ्या मजल्यावरची दूधपेढी होती, म्हणून या दूधवाल्या सिस्टर. पेढीला लागूनच्या वॉर्डात दिवस भरण्याआधी जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढाली बाळं काचेच्या पेट्यांत असत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या आयांना सुरुवातीचे दिवस दूधच येत नसे. ज्यांना उदंड येई अशा दुसऱ्या आया मग पेढीत येऊन दूध देऊन जात. सिस्टर ते तपासत, बेताने तापवून निर्जंतुक करत, इवल्याशा बाटल्यांत भरत, वर पट्टी चिकटवत आणि उणे वीसवर गोठवून ठेवत. एका बाळाला एका वेळी लागायचं ते चमचाभर. पण ते चमचाभर वेळेवर हवं असायचं.

फ्रीझरमध्ये दोनशे सोळा बाटल्या होत्या. शेजारच्या छोट्या फ्रीझरमध्ये चौतीस. छोटा शाबूत होता, मोठ्याचा कॉम्प्रेसर जळाला होता. सुट्टीच्या दिवशी लागायच्या बाटल्या छोट्यातून निघत, म्हणून मोठा दोन दिवस कुणी उघडला नव्हता.

वितळून कोमट झालेलं दूध बाळाला देता येत नाही, ते मोरीत ओतावं लागतं. सिस्टरांनी बाह्या सारल्या, एकेक बाटली उघडली, ओतली, तिची पट्टी सोलून नोंदवहीत चिकटवली. वॉर्डातल्या मुख्य सिस्टर मदतीला आल्या, तर यांनी मानेनेच नको म्हटलं. दोन तास वीस मिनिटं त्या मोरीपाशी उभ्या होत्या. एकोणचाळीस पट्ट्यांवर एकाच बाईचा क्रमांक होता. ती पट्टी आली की त्यांचा हात अडायचा.

सगळं ओतून झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. फ्रीझरमधून एक वायर एका पांढऱ्या डब्यात यायची आणि डब्यातून कॉम्प्युटरमध्ये. त्यावर एक प्रोग्राम होता, इस्पितळातून केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरने लिहिलेला. तो दर मिनिटाला तापमान लिहून ठेवायचा आणि ते उणे पंधराच्या वर चढलं की पडद्यावर लाल चौकट उघडून असा काही कोकलायचा की भिंतीपलीकडच्या वॉर्डात ऐकू जावं. मग शनिवार-रविवारी हा मुका का झाला होता?

पडद्यावर पासवर्ड विचारणारी चौकट होती. सिस्टरांनी पासवर्ड टाकला. प्रोग्राम रोजच्यासारखा उघडला आणि दुसऱ्याच क्षणी लाल होऊन बोंबलायला लागला. सगळं मोरीत वाहून गेल्यावर त्याला कंठ फुटला होता.

त्यांनी नोंदी पाहिल्या. शेवटची शनिवारची, दुपारी बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटांची. पुढची एकदम आत्ताची. मध्ये काही नाही.

सिस्टर तडक तळमजल्यावर कॉम्प्युटर विभागात गेल्या. तिथल्या प्रमुखांना सगळं इस्पितळ पाठीमागे नाहीसाहेब म्हणायचं. त्यांच्याकडे काहीही मागायला गेलं की माणूस खुर्चीत टेकायच्या आत उत्तर मिळायचं.

"शनिवारी अपडेट आलं," नाहीसाहेबांनी आपल्या पडद्यावर बघून सांगितलं. "मशीन आपोआप बंद होऊन परत चालू झालं. नंतर कुणी लॉगिन केलं नाही. लॉगिन नाही, तर तुमचा प्रोग्राम नाही."

"पण मशीन तर चालू होतं ना?"

"मशीन होतं. प्रोग्राम नव्हता. कुणीतरी पासवर्ड टाकून आत शिरलं की मगच तो सुरू होतो."

"मग पासवर्ड न टाकताच आत शिरेल असं करून द्या."

"नाही. त्याच मशीनवर दूध देणाऱ्या आयांच्या नोंदी आहेत. नावं, पत्ते, रक्ताचे रिपोर्ट. ते मशीन सताड उघडं ठेवू?"

यात खोट काढायला जागा नव्हती. सिस्टरांनी दुसरीकडून पाहिलं. "मग कुणी लॉगिन न करता तो पाठीमागे आपला आपण चालेल, असं काही नसतं का?"

"असतं. सर्व्हिस म्हणून बसवता येतो. पण त्याला वरची परवानगी लागते, ॲडमिनची. कुण्या सोडून गेलेल्या माणसाच्या प्रोग्रामला ती मी देणार नाही."

"का?"

"त्यात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

सिस्टरांना माहीत नव्हतं. त्या उठून आल्या.

मंगळवारी ती बाई आली. एकोणचाळीस पट्ट्यांची. ती शिंपीकाम करायची. तिचं बाळ या वॉर्डात नऊ दिवस होतं आणि दहाव्या दिवशी गेलं. दूध मात्र थांबेना, तेव्हा तिने स्वतःच विचारलं होतं, ते दुसऱ्या कुणाला चालेल का म्हणून. त्यानंतर सात आठवडे ती दर मंगळवारी येत होती. गेल्या वेळी मात्र म्हणाली होती, आता आटत चाललंय, हे शेवटचंच.

तरी आज ती आली होती, नुसती भेटायला. सिस्टरांना गप्प राहता आलं असतं. पडद्याआडच्या खुर्चीत तिला बसवून त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. तिच्या बाटल्या किती होत्या तेही.

बाई रडली नाही. बोटातलं अंगुस्तान काढून तिने ते दोनदा तळहातावर फिरवलं.

"म्हणजे कुणालाच नाही मिळालं?"

"पहिल्या तीन आठवड्यांचं मिळालं. पाच बाळांना. त्यांतली चार घरी गेली. उरलेलं दूध मोरीत गेलं."

"आता तुम्ही काय करणार?"

प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो सिस्टरांच्या जिव्हारी लागला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना रागावलेल्या माणसांना तोंड देता यायचं, पण हा प्रश्न तोंड देऊन टळण्यातला नव्हता.

"अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण करणार. आणि झालं की तुम्हाला फोन करणार."

त्या संध्याकाळी सिस्टर घरी न जाता नणंदेकडे गेल्या. ही साधी गोष्ट नव्हे. नणंद त्यांच्याच वयाची, पन्नाशी उलटलेली, तरी सगळ्या घरात तिला अजून छोटी म्हणत. तीस वर्षं तिने एका जहाज कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पडद्याकडे दहा मिनिटांच्या वर बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा नोकरी सोडून ती घरी बसली होती आणि घरी बसणं तिला मुळीच मानवलेलं नव्हतं. कधीकाळी भर जेवणात ती म्हणाली होती, "वहिनीला रिमोटची बॅटरी बदलता आली तरी मी पेढे वाटीन." सगळे हसले होते, सिस्टरसुद्धा. पण ते बोलणं कुठंतरी रुतून बसलं होतं. तेव्हापासून दोघींमध्ये सगळं कसं अगदी गोडगोड होतं, म्हणजे काहीच नव्हतं.

सिस्टरांनी दारातच सांगितलं, "छोटी, मला एक प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवायला शिकायचंय."

छोटीने चष्मा कपाळावर सरकवला. "कुणाला?"

"मला."

छोटीने त्यांच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं. मग बाजूला झाली. "आत ये. पण मी की-बोर्डला हात लावणार नाही. डोळे चालत नाहीत. मी तोंडाने सांगेन, करायचं तू."

"म्हणून तर आलेय."

पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी सिस्टर त्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी, छोटीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसू लागल्या. छोटी पाठ करून भाजी चिरायची आणि तोंडाने शिकवायची.

"हे बघ, प्रोग्राम दोन तऱ्हेचे. एक, तू बसलीस की बसणारे, तू उठलीस की उठणारे. दुसरे, मशीनला वीज मिळाली की आपले आपण कामाला लागणारे, समोर माणूस असो वा नसो. ही दुसरी जात म्हणजे सर्व्हिस. ती कुणाची वाट बघत नाही."

"रात्रपाळीच्या आयाबाईसारखी."

"तशीच. आता प्रश्न असा, की ती कुणाच्या नावाने काम करते? मशीनमध्ये प्रत्येक काम कुणाच्या तरी नावावर चालतं. त्या नावाला जेवढे अधिकार, तेवढे त्या कामाला."

सिस्टर लिहून घेत. इंजिनिअरच्या जुन्या फाइली त्यांनी नाहीसाहेबांकडून रीतसर अर्ज करून मिळवल्या होत्या. एकेक ओळ त्या मोठ्याने वाचत, छोटी अर्थ सांगे. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटायचं, आपलं डोकं म्हणजे दगड आहे. दुसऱ्या आठवड्यात एका ओळीवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथं तो तापमान एकदाच वाचतोय. वाचताना चूक झाली तर?" छोटीच्या हातातली सुरी थांबली. "परत वाच ती ओळ," ती म्हणाली. वाचून झाल्यावर हळूच पुटपुटली, "माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

घरी नवऱ्याला दोन्ही वेळचं स्वतः रांधावं लागत होतं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी एका खोलीत तीन तास बसता आणि भांडणाची बातमी येत नाही, मला काळजी वाटायला लागलीय." सिस्टर म्हणाल्या, "भांडायला वेळ कुठाय?"

चौथ्या सोमवारी त्या पुन्हा तळमजल्यावर गेल्या. नाहीसाहेबांनी मान वर न करताच उत्तर दिलं. सिस्टर हलल्या नाहीत. मंगळवारी परत गेल्या. बुधवारी साहेबांनी त्यांना येताना पाहिलं आणि फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं हे सिस्टरांना कळत होतं, तरी तो संपेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. गुरुवारी मात्र त्या वर गेल्या, इस्पितळाच्या मोठ्या मॅडमकडे, आणि दोनशे सोळा पट्ट्यांची नोंदवही टेबलावर उघडून ठेवली. मॅडमनी पानं उलटली. मग फोन उचलला.

दुपारी नाहीसाहेब स्वतः जिना चढून दूधपेढीत आले. चेहरा असा, की फुलपात्रातलं पाणी उकळावं. त्यांनी एक चिठ्ठी टेबलावर आपटली.

"घ्या. सगळ्यांत वरचा ॲडमिन पासवर्ड. बसवा काय बसवायचं ते. उद्या काही बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका."

आणि ते निघून गेले.

सिस्टरांनी फोन करून छोटीला सांगितलं, तर छोटी आनंदाने ओरडलीच. "मग वाट कसली बघतेस? सगळ्यांत वरच्या अकाउंटच्या नावाने लाव. कुठं म्हणून अडणार नाही. पाच मिनिटांचं काम."

"त्या अकाउंटला आयांच्या नोंदी उघडता येतील?"

"उघडता येतील, पुसता येतील, काय हवं ते. सगळं मशीन त्याचं."

"मग आपल्या प्रोग्रामलाही येईल."

"येईल, पण तो कशाला करेल? तू ओळ न् ओळ वाचली आहेस."

"मी वाचलीय गं. पण मी शिकून महिना झालाय. माझी चूक राहिली असेल, तर ती सगळ्या मशीनवर मोकाट सुटेल." सिस्टर चिठ्ठीकडे बघत होत्या. "वॉर्डात कापूस आणायला पाठवलेल्या बाईला आम्ही कापसाच्या कपाटाची किल्ली देतो. गुंगीच्या औषधांची नाही देत. ती चोर असते म्हणून नव्हे."

मग छोटी म्हणाली, "वहिनी, आमच्या ऑफिसात ही गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरवता शिरवता माझे केस पिकले. आणि आज मीच तुला उलटं सांगत होते."

सिस्टरांनी बसून एका कागदावर लिहिलं: पांढऱ्या डब्यातून तापमान वाचणे. स्वतःच्या एका फोल्डरमध्ये लिहिणे. धोक्याचा इशारा देणे. बाकी काहीही नको. तो कागद आणि ती चिठ्ठी घेऊन त्या खाली गेल्या.

"हे परत घ्या," त्या म्हणाल्या.

नाहीसाहेबांनी चिठ्ठी उलटसुलट केली. "वापरली नाही?"

"नाही. मला या प्रोग्रामसाठी वेगळं अकाउंट हवंय. त्याला एवढ्या तीनच गोष्टी करता याव्यात. बसवताना वरची परवानगी लागेल, तेव्हा तुम्ही शेजारी बसा, पासवर्ड तुमच्या हाताने टाका. आणि त्यात काय आहे ते तुम्ही विचारलं होतं. आता मला माहीत आहे. पहिल्या ओळीपासून सांगू का?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग समोरची फाइलींनी भरलेली खुर्ची रिकामी केली. "बसा," ते म्हणाले. "चहा सांगतो. पहिल्या ओळीपासून सांगा."

पुढच्या गुरुवारी चार वाजता सगळे फ्रीझरपाशी जमले. मोठ्या मॅडम, नाहीसाहेब, वॉर्डातल्या मुख्य सिस्टर. दुरुस्त झालेला मोठा फ्रीझर गुरगुरत होता. सिस्टरांनी कॉम्प्युटर बंद केला, परत चालू केला आणि हात मागे घेतले. पडद्यावर पासवर्डची चौकट येऊन थांबली. तिला कुणी शिवलं नाही. मग त्यांनी फ्रीझरमधल्या वायरचं टोक बाहेर काढून कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवलं.

पाच मिनिटं गेली. मुख्य सिस्टरांनी घसा खाकरला. दहा मिनिटं गेली. मोठ्या मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग सिस्टरांकडे पाहिलं, आणि तो कटाक्ष हळुवार होता म्हणून जास्तच झोंबला.

"मला एक मीटिंग आहे," त्या म्हणाल्या. "परत कधी तरी बोलवा."

दोघी गेल्या. नाहीसाहेब मात्र थांबले. त्यांनी लॉगिन करून पाहिलं. "सर्व्हिस चालू आहे असंच दाखवतंय," ते गोंधळून म्हणाले. सिस्टरांनी नोंदी उघडल्या. प्रोग्राम मशीनबरोबर सुरू झाला होता, मिनिटामिनिटाला नीट लिहीत होता. चार वाजून बारा मिनिटांनी त्याने लिहिलं होतं: उणे चौदा. त्यानंतर एक अक्षर नाही.

त्यांनी छोटीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"चालू आहे म्हणतो आणि लिहीत नाही?" छोटी म्हणाली. "म्हणजे कशावर तरी अडून बसलाय. तापमान वाढलं की तो पहिलं काय करतो?"

"लाल चौकट उघडतो. तिच्यावर 'ठीक आहे' दाबलं की पुढं जातो."

"अगं देवा!" फोनमधून भांडं पडल्याचा आवाज आला. "वहिनी, सर्व्हिसला पडदा नसतो! त्याने चौकट उघडलीय, पण जिथं कुणी बघूच शकत नाही अशा ठिकाणी. आणि कुणीतरी 'ठीक आहे' दाबेल म्हणून तो तिथं ताटकळत उभा आहे. जन्मभर उभा राहील!"

नाहीसाहेबांनी ते ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. हसत हसतच ते म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांना त्या प्रोग्रामची कीव आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. चौकट काढून टाकणं सोपं होतं. तिच्या जागी फोनवर निरोप पाठवता येईल, वॉर्डात घंटा वाजवता येईल. पण हा आज या कारणाने गप्प झाला, उद्या दुसऱ्या कशाने होईल. गप्प झालेला प्रोग्राम आणि सगळं आलबेल असलेला प्रोग्राम, बाहेरून दोघे सारखेच दिसतात. त्या शनिवारीही असंच झालं होतं.

त्या उठून वॉर्डात गेल्या. खिडकीजवळच्या पेटीत दोन दिवसांचं एक बाळ झोपलं होतं. त्याच्या छातीला एक वायर चिकटवलेली, आणि वायर उशाच्या मशीनला. ते मशीन श्वास मोजायचं. श्वास चालू आहे तोवर चूप. वीस सेकंद श्वास ऐकू आला नाही, की वॉर्ड डोक्यावर घ्यायचं. बाळ काही त्याला सांगत नसे, की माझा श्वास थांबलाय. ते ऐकू न येणं हेच मशीनला पुरे असायचं.

सिस्टर जवळजवळ पळतच परत आल्या. नाहीसाहेब निघायच्या बेतात होते.

"साहेब, प्रोग्रामने घंटा वाजवायची नाही," त्या म्हणाल्या. "प्रोग्रामने घंटेला गप्प ठेवायचं. दर मिनिटाला त्याने नुसतं 'हूं' म्हणायचं, मी आहे, सगळं ठीक आहे. पाच मिनिटं हूं आलं नाही की घंटा आपली आपण वाजेल. मग प्रोग्राम मेलेला असो, मशीन बंद असो, की कुणी वायर उपटलेली असो."

साहेब दारातच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि हातात दुसरं काही नव्हतं म्हणून कोपऱ्यातल्या खोक्यावर आकृती काढायला लागले.

इस्पितळाच्या वायरमनने वॉर्डाच्या भिंतीवर घंटा आणि तिच्याशेजारी टायमर बसवला. दोन्हींना बॅटरी दिली, वीज गेली तरी चालावीत म्हणून. सिस्टरांनी छोटीच्या टेबलावर बसून चौकटीच्या ओळी खोडल्या आणि 'हूं'च्या ओळी लिहिल्या. तापमान चढलं की हूं थांबेल आणि सहा जणांच्या फोनवर निरोप जाईल. एकूण अकरा ओळी. त्या अकरा ओळींवर दोघींची दोनदा कडाक्याची भांडणं झाली आणि नवऱ्याच्या जिवात जीव आला.

या वेळी सिस्टरांनी कुणाला बोलावलं नाही. पण साहेब काही सुखाने बसू देणारे नव्हते. एका दुपारी न सांगता ते आले आणि त्यांनी प्रोग्राम मध्येच बंद पाडला. पाच मिनिटांनी घंटा वाजली. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पांढऱ्या डब्याची वायर उपसली. घंटा वाजली. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा प्लगच काढला. घंटा वाजली, आणि मुख्य सिस्टर कमरेवर हात ठेवून दारात आल्या. "साहेब, आता पुरे झालं! माझी बाळं उठतात."

मग साहेबांनी ते वेगळं अकाउंट वापरून आयांच्या नोंदी उघडायचा प्रयत्न केला. मशीनने परवानगी नाकारली. साहेबांनी आणखी तीन वाटांनी प्रयत्न केला. तिन्ही वेळा नाकारली. ते समाधानाने खुर्चीत रेलले.

त्या दिवशी घरी निघण्यापूर्वी सिस्टरांनी शिंपीणबाईंना फोन केला. काय केलं ते साध्या शब्दांत सांगितलं. पाठीमागे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"म्हणजे आता कुणी नसलं तरी कळेल?" तिने विचारलं.

"कळेल."

"बरं झालं," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, "बरं झालं हो." मग शिलाई मशीन पुन्हा सुरू झालं. फोन मात्र दोघींपैकी कुणी लगेच ठेवला नाही.

चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, सिस्टर केस धुऊन बाल्कनीत उभ्या होत्या. फोन थरथरला. मोठा फ्रीझर, उणे चौदा. ओल्या केसांवर टॉवेल तसाच गुंडाळून त्या जिना उतरल्या.

पोचल्या तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वॉर्डातल्या मुख्य सिस्टर आणि दोन नर्स छोट्या फ्रीझरचं झाकण लावत होत्या. घंटा ऐकून त्या धावल्या होत्या आणि दोघा वॉर्डबॉयना हाताशी धरून अकरा मिनिटांत सगळ्या बाटल्या हलवल्या होत्या. छोट्यात मावल्या नाहीत त्या खालच्या रक्तपेढीच्या फ्रीझरमध्ये नेल्या होत्या. सिस्टरांनी एकेक बाटली हातात घेऊन पाहिली. सगळ्या दगडासारख्या घट्ट. मोजल्या. दोनशे अठ्ठ्याण्णव. नोंदवहीत दोनशे अठ्ठ्याण्णवच होत्या.

मग त्या कॉम्प्युटरपाशी गेल्या. पडद्यावर पासवर्डची चौकट होती. मशीन शुक्रवारी संध्याकाळी अपडेट होऊन परत चालू झालं होतं, आणि तेव्हापासून त्याच्यासमोर कुणीही बसलं नव्हतं. सिस्टर तशाच उभ्या राहिल्या. डोक्यावरचा टॉवेल सुटून खांद्यावर आला होता.

दारात धापा टाकत नाहीसाहेब आले, घरातल्या चपला घालून. निरोप त्यांच्याही फोनवर गेला होता.

"किती गेल्या?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

त्यांनी मान डोलावली, आणि पुन्हा जळालेल्या कॉम्प्रेसरकडे असं रागाने पाहिलं, जणू त्याने त्यांचा वैयक्तिक अपमान केला होता. "उद्या सकाळी आठला मी मोठ्या मॅडमकडे जातोय," ते म्हणाले. "हा फ्रीझर दुरुस्त करायचा नाही. नवा मागायचा. तुम्ही बरोबर चला."

"चला," सिस्टर म्हणाल्या. "पण आता बाजूला व्हा जरा. तीनचं दूध द्यायचंय."

सकाळपासून साध्या फ्रिजमध्ये वितळायला ठेवलेल्या बाटल्या त्यांनी काढल्या, कोमट पाण्यात धरल्या, मनगटावर थेंब टाकून पाहिला. बरोब्बर तीन वाजता सहा बाळांचं दूध वॉर्डात गेलं. पाच बाळांनी ते घेतलं. सहाव्याने सगळंच्या सगळं ओकून टाकलं, आणि सिस्टर त्याच्यासाठी दुसरी बाटली आणायला आत गेल्या.